पाईकरावांची पंधरा मिनिटं

मंगळवारी दुपारी एक माणूस सब-स्टेशनच्या फाटकाशी सायकल टाकून धावत आत आला, तेव्हा मी वहीत बाराचे आकडे तपासत होतो. त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं होतं. म्हणाला, "बंद करा जी... तुमचा मानूस वर लटकून राहिला." मी हँडल ओढलं. त्यानंतर वहीत वेळ लिहिली, १२-३१. ते पान आजही आहे आणि त्यावरचं माझं अक्षर जराही हललेलं नाही. कोणता माणूस, हे मी त्याला विचारलं नाही. त्या लाईनवर त्या दिवशी कोण होतं ते मला ठाऊक होतं. अर्ध्या तासापूर्वी तिच्यात वीज मीच सोडली होती.

सटवाजी पाईकराव, राहणार पुसेगाव, वय बेचाळीस, लाईन इन्स्पेक्टर. त्यांना जाऊन आज सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी एकच वाक्य अनेक तोंडांतून ऐकलं. एवढा जुना, जाणता माणूस, पण शेवटी स्वतःच्याच चुकीनं गेला. बसस्टँडवर ऐकलं, कचेरीत ऐकलं, न्हाव्याच्या खुर्चीत बसलो असताना ऐकलं. हे खरं नाही. ते का खरं नाही हे सांगायचं तर पाईकराव कसं काम करत हे आधी सांगावं लागेल. त्यात थोडी विजेची माहिती येईल, तेवढी वाचकांनी सोसावी.

मी सब-स्टेशनात ऑपरेटर आहे. दर तासाला काट्यांवरचे आकडे वहीत मांडायचे, सांगितल्या वेळी हँडल वर किंवा खाली करायचं, हे माझं काम. पाईकरावांचं काम बाहेर, तारांवर. मोठ्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी वसमतच्या अंगाला दुसरं सब-स्टेशन सुरू झालं, आणि आमच्या कळमनुरीकडच्या लाईनचं टोक नेऊन तिकडच्या लाईनच्या टोकाला भिडवण्यात आलं. मधे एकोणीस गावं आणि खांबांवर बसवलेले सात स्विच. एका बाजूची तार तुटली तर दुसऱ्या बाजूनं गावांना वीज मिळावी, असा हेतू. पण दोन्ही टोकं एकाच वेळी जोडून चालत नाही. लाईन गोल झाली की दोन सब-स्टेशनं एकमेकांवर जोर करायला लागतात, वीज गावांना जायची सोडून आतल्या आत फिरते, दोन्हीकडचे फ्यूज उडतात. त्याहून वाईट म्हणजे खांबावर चढलेल्या माणसाला पाठीमागून कोण वीज पाठवतंय ते कळत नाही. म्हणून सातांपैकी एक स्विच कायम उघडा ठेवायचा असतो, म्हणजे तार तिथे मुद्दाम तोडलेली असते. तो कोणता, आणि कुठे बिघाड झाला तर सातांपैकी कोणी कसं असायचं, हे एकदाचं ठरवून देण्याचं काम पाईकरावांकडे आलं.

वरून आलेल्या नकाशात सहा नंबरचा स्विच उघडा दाखवला होता. पाईकराव तीन दिवस लाईनखालून पायी चालले. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले, चपला काढून बाकावर पाय घेऊन बसले आणि म्हणाले, "इठ्ठलराव, नकाशा काढणाऱ्याच्या चपलेला माती लागलेली न्हाई." सहा नंबर ओढ्याच्या पलीकडे होता. पावसाळ्यात ओढा भरला की तिथे कोणी पोचणार नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत त्या स्विचची गरज पडणार. चार नंबर माळावर होता, दोन्हीकडून गाडीवाट. त्यांनी चार नंबर उघडा ठेवला आणि तसं वर लिहून कळवलं. तीन महिन्यांनी मान्यता आली, तोवर लोक त्याला उघडा खांब म्हणायलाही लागले होते.

तो खांब मथुराबाई नावाच्या म्हातारीच्या वावरात होता. तिनं पाईकरावांना गाठलं. माझ्याच वावरात तुटका खांब काहून, दोन्हीकडून जोडा की, दुप्पट उजेड पडंल, असं तिचं म्हणणं. मी त्या दिवशी सोबत होतो. पाईकराव बांधावर बसले आणि तिला विचारलं, "मावशी, तुमच्या विहिरीचा पाट अन् शेजाऱ्याच्या विहिरीचा पाट एकाच वाफ्यात सोडला, अन् बाहेर जायला वाट ठेवली न्हाई, तर काय व्हईल?" बांध फुटंल, ती म्हणाली. "मंग? लाईन झाडावानी पायजे. खोडातून फांदी, फांदीतून डहाळी. फांदी वळून पुन्ना खोडात घुसली, असं झाड पाह्यलं का तुमी?"

"झाड न्हाई पाह्यलं," मथुराबाई म्हणाली, "सोयरे पाह्यलेत तसे."

पाईकराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. परतताना गाडीवाटेवर ते दोनदा मधेच थांबून हसले. मला मात्र तिचा विनोद कळायला अख्खा माळ ओलांडावा लागला, आणि त्यावरून त्यांनी मला पुढे वर्षभर छळलं.

नियम त्यांनी तोंडी ठेवले नाहीत, दोन्ही सब-स्टेशनांच्या भिंतींवर पाटी लावून लिहिले. पहिला नियम, आधी तोड, मग जोड. तार पडली तर ती पडलेली बाजू आधी दोन्हीकडून उघडी करायची, मगच उघडा खांब जोडून पलीकडून वीज घ्यायची. परत जागेवर आणतानाही हाच क्रम. दुसरा नियम थोरलेपणाचा. सुरुवातीच्या दिवसांत वसमतकडचा ऑपरेटर आणि मी फोनवर भांडायचो, हुकूम कोणी द्यायचा यावरून. तुमी सांगणारे कोण, असं तो मला एकदा म्हणाला आणि मीही त्याला शोभणार नाही असं काहीतरी बोललो. पाईकरावांनी सांगितलं की दोघं कर्ते झाले की घर फुटतं. आमचं सब-स्टेशन आधीचं, म्हणून ते थोरलं. सगळे हुकूम तिथून. थोरल्याचा फोन लागेना तर धाकट्यानं पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा फोन करायचा, तरीही उत्तर नाही तरच थोरलेपण हातात घ्यायचं. तो ऑपरेटर धाकटेपणानं जरा दुखावला होता. पाईकराव त्याला म्हणाले, थोरल्या भावाच्या डोक्यावर कर्ज असतं, तुमी सुखी हायसा.

आणि तिसरा नियम पंधरा मिनिटांचा. कुठलाही स्विच हलवण्याआधी पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. वीज नाही, काम नाही, कोणी खांबावर नाही. लोकांना याचा फार राग यायचा. तार जोडून झालेली दिसते, माणूस खाली उतरलेला दिसतो, तरी गिरणी बंदच. एका गिरणीवाल्यानं त्यांना भर रस्त्यात विचारलं की पंधरा मिनिटं तिथं काय पूजा घालता का. "ऐकून राहिलो," पाईकराव म्हणाले. कोणाला? "तुमी गप बसलासा की लाईनला."

मला आकड्यांची खोड आहे, म्हणून मी विचारलं की पंधराच का? दहा का नाहीत, वीस का नाहीत? त्यांनी बोटं मोजली. "पाच मिनिटं माझं घड्याळ चुकंल. पाच मिनिटं तुमचं घड्याळ चुकंल. अन् पाच मिनिटं मानूस चुकंल."

माझं घड्याळ चुकत नाही, मी म्हणालो.

"मंग तुमची पाच मला द्या. उतरायला कामी येतील."

घड्याळांचं एवढं महत्त्व का, तेही सांगतो. खांबावर फोन नसतो. पुस्तकाप्रमाणे, काम संपवून खाली उतरलेल्या माणसानं स्वतः सब-स्टेशनात येऊन सही करायची आणि मगच ऑपरेटरनं वीज सोडायची. पण आठ-दहा किलोमीटरांवरून सायकलीनं येऊन सही करायची तर चक्क्या आणि मोटारी आणखी तासभर बंद. म्हणून आमच्याकडे चिठ्ठी चालायची. अमुक वाजेपर्यंत उतरतो, अमुक वाजता सोडा, मधे पंधरा मिनिटं. रोज सकाळी आठ वाजता मी वसमतकडे फोन करायचो आणि तिघांची घड्याळं जुळवायचो, भिंतीवरची दोन आणि पाईकरावांच्या मनगटावरचं एक. ते कुठेही असले तरी आठच्या आधी कुठला तरी फोन गाठत. चार वर्षं ही रीत चालली आणि चार वर्षं कोणाच्या बोटालाही इजा झाली नाही. पुस्तकापेक्षा आमची रीत बरी, असं आम्ही दोघंही मानायला लागलो होतो. चूक म्हणाल तर तिथून सुरू होते... आणि ती दोघांची होती. पुढची माझी एकट्याची.

माणूस म्हणून ते कसे होते? उंचीनं कमी, खांद्यानं रुंद. हातात अंगठी नाही, गळ्यात काही नाही, कामावर असताना खिशात नाणंसुद्धा ठेवायचे नाहीत. भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आणायचे आणि माझ्या डब्यातली भाजी विचारल्याशिवाय घ्यायचे. मी जेवताना बोलत नाही. ते म्हणायचे, "घास मोजून राहिले का इठ्ठलराव? किती झाले?" काही गावांत त्यांना खांबावर चढवण्याची जेवढी घाई असे, तेवढी पाणी देण्याची नसे. त्यावर ते चिडलेले मी पाहिले नाहीत. फक्त त्या गावात ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी चौकात उभे राहून, सगळ्यांना दिसेल असं, सावकाश प्यायचे. त्यांची मुलगी सुमन सातवीत आहे. तिची गणितं ते माझ्याकडे आणत. आणताना ऐट अशी की जणू गणितं त्यांचीच. एकदा मी एका उत्तरात चुकलो, सुमनचं बरोबर निघालं. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि दर महिन्याला एकदा तरी मला दाखवला.

मे महिन्यात रविवारी संध्याकाळी वादळ झालं. पत्रे उडाले, कयाधू नदीच्या अलीकडे बाभळीचं झाड लाईनवर पडलं, टेलिफोनच्या ताराही गेल्या. पाईकरावांनी रविवारीच आमच्या बाजूचा पहिला टप्पा दोन्हीकडून उघडा केला, उघडा खांब जोडला आणि पलीकडच्या गावांना वसमतकडून वीज मिळाली. पाटीवरच्या नियमाप्रमाणे, क्रमानं. सोमवारी दिवसभर झाड तोडणं आणि खांब उभे करणं चाललं. संध्याकाळी ते चहाला आले, हाताला डिंक लागलेला. उद्या दुपारपर्यंत तारा ओढून होतील म्हणाले. जाताना फाटकातून वळून काहीतरी बोलले, पण ट्रान्सफॉर्मरच्या पंख्याची मोटार चालू होती आणि मी ऐकलं नाही. उद्या विचारू, असं मनात आलं.

भिंतीवरच्या घड्याळाला मी दर रविवारी चावी देतो. त्या रविवारी वादळाच्या धावपळीत दिली नाही. मंगळवारी सकाळी मी कामावर आलो तेव्हा ते बंद पडलेलं होतं. फोन बंद, त्यामुळे आठची जुळवणी होणार नव्हती. माझं मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिलेलं. घरी रेडिओ आहे, पण सकाळी पाहुणे होते, रेडिओ लावला नव्हता. आमच्या फाटकासमोरून वसमतची सकाळची एसटी सात चाळीसला जाते. ती उशिरा जाईल, पण आधी कधी जात नाही. मी आत चावी देत असताना बाहेर एसटीचा हॉर्न ऐकला, काटे सात चाळीसवर ठेवले आणि काच पुसली.

ती लग्नसराईची जादा गाडी होती. मी दारापर्यंत जाऊन पाटी वाचली नाही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, पण एवढं नक्की माहीत होतं की घड्याळ अंदाजानं लावलं आहे. ते वहीत लिहायला हवं होतं. 'घड्याळ अंदाजे लावले' एवढे तीन शब्द. अकरा वर्षांच्या माझ्या वह्यांमध्ये अंदाजे हा शब्द एकदाही आलेला नाही आणि तो यावा असं मला वाटलं नाही. मी लिहिलं, 'घड्याळास चावी दिली, ७-४०.'

पाईकरावांची चिठ्ठी एका गावकऱ्यानं सायकलीवर आणून दिली. 'पावणेबारापर्यंत उतरतो. बाराला सोडा. आता ९-१०.' भिंतीवर ९-५२ झाले होते. वाट आठ किलोमीटर, बेचाळीस मिनिटं. सवयीप्रमाणे मी मनात भागाकार केला आणि वाटलं, एरवी पंचवीस मिनिटांची वाट, हा कुठे तरी बिडी ओढत बसला असेल. दोन्ही वेळा मी वहीत शेजारी शेजारी लिहिल्या. आकडे माझ्यासमोर होते, स्वच्छ अक्षरात. मी त्या माणसाला आळशी ठरवलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.

भिंतीवर बरोबर बारा वाजता मी वीज सोडली. अमीटरचा काटा रोजच्यासारखा चढला आणि स्थिर झाला. मी आकडा लिहिला.

तारा ओढून झाल्या होत्या, जमिनीला जोडणारी साखळी त्यांनी काढली होती, बरोबरची माणसं खाली हत्यारं गोळा करत होती. पाईकराव शेवटच्या खांबावर एका हातानं तार धरून कमरेच्या पट्ट्याचा बकल सोडत होते... पट्ट्यामुळे ते खाली पडले नाहीत. मी पोचलो तेव्हा लोकांनी त्यांना उतरवून बाभळीच्या पाल्यावर ठेवलं होतं. चेहरा शांत वगैरे नव्हता. मी असं लिहिलेलं वाचलं आहे, पण तो शांत नव्हता. तो विचारत असल्यासारखा होता.

बुधवारी पुसेगावला त्यांना निरोप दिला. मी आठ दिवसांच्या रजेवर गेलो. परत आलो तोवर चौकशी होऊन गेली होती. चौकशीला आलेल्या साहेबांनी मंगळवारचं पान पाहिलं, चिठ्ठी पाहिली. ठरलेली वेळ बारा, वीज सोडल्याची वेळ बारा. माझ्या वहीवर शंका घेण्याचं कोणाला कारण नव्हतं. मलाही नव्हतं. पाईकरावांच्या मनगटावरचं घड्याळ मागे पडलं असणार, नाहीतर ते वेळ विसरले असणार, असा निष्कर्ष निघाला. कागदावर शब्द पडला, 'मृताचा हलगर्जीपणा.' मी त्याखाली साक्षीदार म्हणून सही केली. खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर रागावलोही होतो. पंधरा मिनिटं हातात असताना तुम्ही वर काय करत होता, असं मी मनात त्यांना विचारत असे. चार आठवडे विचारत होतो.

मग एका दुपारी महिन्याची बेरीज करताना मी वही मागे चाळली. माझ्या रजेतल्या पहिल्याच दिवसाच्या, म्हणजे बुधवारच्या पानाच्या समासात बदली ऑपरेटरचं बारीक अक्षर होतं. फोन सुरू झाला होता, आठची जुळवणी त्यानं नियमाप्रमाणे केली होती. 'भिंतीवरील घड्याळ १७ मि. पुढे. दुरुस्त केले.'

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. आकडा वाचता येत होता, अर्थ लागत नव्हता. मी पेन्सिल घेऊन वजाबाकी मांडली, पहिलीतल्या मुलासारखी, उभी. बारातून सतरा मिनिटं गेली. अकरा त्रेचाळीस. त्यांनी उतरण्याची वेळ दिली होती पावणेबारा. मी पुन्हा मांडली. मग चिठ्ठीची मांडली. बेचाळीसातून सतरा गेले, पंचवीस. सायकलवाल्यानं बिडी ओढली नव्हती. त्या खोलीत मोटारीचा आवाज होता, तो मला ऐकू येईनासा झाला. तासाचं रीडिंग घ्यायची वेळ झाली आणि गेली. त्या दिवशीची ती ओळ वहीत कोरी आहे.

त्यांच्याकडे आणखी दोन मिनिटं होती. ती त्यांची होती आणि त्यांनी त्यातलं एक सेकंदही वाया घालवलेलं नव्हतं.

मी वही घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी समासातली ओळ वाचली आणि मला बसायला सांगितलं. म्हणाले, तुमची वही स्वच्छ आहे, नोकरीला अकरा वर्षं झालीत, घरी लेकरं आहेत, आणि गेलेला माणूस काही यातून परत येणार नाही. ते वाईट मनानं बोलत नव्हते. मी लेखी जबाब दिला, वहीतल्या दोन्ही पानांच्या नकला जोडल्या आणि पोच घेतली. पुढे जे व्हायचं ते होईल. ते या लेखाचा विषय नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी पुसेगावला गेलो. पाईकरावांच्या पत्नी गयाबाई ज्वारी निवडत होत्या. सुमन आत होती. ती शाळेत जायची थांबली आहे असं कळलं. वर्गात कोणीतरी म्हणालं होतं की तुझ्या बापाला घड्याळ कळत नव्हतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही. गयाबाईंचे हात सुपातच राहिले. मग त्यांनी आत जाऊन ज्वारीच्या कणगीत हात घातला आणि एक फडकं काढलं. त्यात पाईकरावांचं घड्याळ होतं, बंद.

"चावी न्हाई दिली मी," त्या म्हणाल्या. "खोटं घड्याळ म्हनून कनगीत टाकलं. फोडनार व्हते."

ते बरोबर होतं, मी म्हणालो.

त्यांनी घड्याळ पुन्हा फडक्यात बांधलं. मग विचारलं की हे मी कोणाकोणाला सांगितलं. साहेबांना लेखी दिलंय, मी म्हणालो, पोच आहे. "साहेबानं वाचलं," त्या म्हणाल्या, "मानसांनी कुठं वाचलं? बोलनारी तर मानसं हायत." त्यांनी मला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. निघताना मीच म्हणालो की मी पेपरात लिहीन.

हा लेख लिहून झाल्यावर तो धाडण्यापूर्वी मी परवा पुन्हा पुसेगावला गेलो. गयाबाईंना वाचता येत नाही. सुमननं वाचून दाखवला, भिंतीला टेकून, शाळेतला धडा वाचावा तसा एका सुरात. माळ आणि सोयऱ्यांच्या जागी गयाबाईंनी तोंडाला पदर लावला. आकड्यांच्या जागी सुमन थांबली, बोटांवर वजाबाकी केली, बरोबर आहे म्हणाली आणि पुढे गेली. खांबावरच्या जागी तिनं वाचणं थांबवलं. तो परिच्छेद मी वाचला. गयाबाई म्हणाल्या की राहू द्या, खरं हाय ते.

शेवटी मी माफीच्या ओळी लिहिल्या होत्या. सहा ओळी होत्या, मेहनतीनं लिहिलेल्या. सुमननं त्या वाचल्या. गयाबाईंनी मान हलवली.

"त्या काढा."

का, मी विचारलं.

"माफी मागायची तर हितं मागा, माझ्यापुढं. मी द्यायची का न्हाई ते मी बघंन. पेपर वाचनाऱ्या मानसान्ला मधी घालू नका. पेपरात फकस्त काय झालं ते ऱ्हाऊ द्या."

सुमननं माझ्याच पेननं त्या सहा ओळींवर रेघ मारली, पट्टी लावून, सरळ. मग तिनं कागद परत चाळला आणि विचारलं की बाबा वेळेवर उतरत होते, असं सरळ कुठेच का लिहिलेलं नाही? सगळे आकडे आहेत, पण ते वाक्य नाही.

तिचं बरोबर होतं. ते वाक्य तिनं रेघ मारलेल्या ओळींच्या खाली, तिच्या अक्षरात लिहिलं आहे. मी त्यात काही बदल केलेला नाही.

माझे बाबा सटवाजी पाईकराव त्या दिवशी वेळेवर खाली उतरत होते.